डीआयडी: आजाराची पहिली ओळख कशी पटते (गोव्याच्या संदर्भात)

डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, थोडक्यात डीआयडी, हा असा मानसिक आजार आहे ज्यात एकाच माणसात दोन किंवा जास्त ओळखी आलटूनपालटून ताबा घेतात आणि मधल्या काळातलं बरंच काही आठवत नाही. १९९४ पर्यंत अमेरिकन वर्गीकरणात याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणायचे. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) हा वेगळा आजार, दोन्हींची गल्लत सर्रास होते. सिनेमातल्यासारखं डोळे फिरवून आवाज बदलणं प्रत्यक्षात थोड्याच पेशंटमध्ये दिसतं, बाकीच्यांचा आजार झाकलेला असतो, आणि तो कधीकधी ज्याचा त्यालाच सगळ्यात शेवटी कळतो.

कळतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या पुराव्यांवरून. म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली साडी कपाटात असते पण घेतल्याचं आठवत नाही, वहीत दुसऱ्याच वळणाचं अक्षर असतं, आपल्याच फोनवरून गेलेले मेसेज परके वाटतात, पणजीहून फोंड्याला निघालेला माणूस मडगावच्या स्टँडवर भानावर येतो. घरचे सांगतात की काल तूच तर भांडलीस, आणि तिला शपथेवर काही आठवत नसतं. मुख्य अडचण अशी की आपण विसरतो हेसुद्धा हे लोक विसरतात. लहानपणापासून ‘खोटारडी’, ‘वेंधळी’ हे शिक्के बसलेले असल्याने ती गाळलेली जागा अंदाजाने भरून वेळ मारून न्यायची सवय लागते, आणि सगळ्यांचं असंच होत असणार असं धरून चालतात.

दुसरी खूण आवाजांची. डीआयडीत ते बहुधा डोक्याच्या आतून येतात, लहानपणापासून असतात, त्यात एखादा लहान मुलाचाही असतो. हे डॉक्टरला सांगितलं की स्किझोफ्रेनियाची औषधं सुरू होण्याची शक्यता मोठी, त्यामुळे बरेच जण सांगतच नाहीत. आधी डिप्रेशन, बायपोलर (मूडचे टोकाचे चढउतार), बॉर्डरलाइन (व्यक्तिमत्त्वाचा एक विकार), फिट्स अशी निदानं होतात, आणि पाश्चात्त्य आकडेवारीनुसार खरं निदान होईपर्यंत उपचारात सरासरी ५ ते १२ वर्षं जातात.

झाकलेलं उघडं पडायचे काही प्रसंग ठरलेले आहेत: त्रासाच्या घरातून बाहेर पडणं, नवा आघात, अत्याचार करणारा मरणं किंवा मरणपंथाला लागणं, आणि आपलं मूल आपल्यावर अत्याचार झाला त्या वयाचं होणं. हा शेवटचा प्रसंग घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

या विषयाच्या इतिहासात गोव्याचं नाव येतं ते संमोहनावर काम करणाऱ्या आबे फारिया या गोमंतकीय धर्मगुरूमुळे. कांदोळीत १७५६ साली जन्म (३१ मे, काही ठिकाणी ३० मे), पॅरिसमध्ये १८१९ साली मृत्यू, आणि त्याच वर्षी त्याचा ‘जागृत निद्रे’वरचा, म्हणजे संमोहनातल्या झोपेवरचा ग्रंथ आला. जुन्या गोमंतकीय लेखनात डिसोसिएशनच्या (जाणीव आणि आठवणी तुटण्याच्या) कल्पनेचं श्रेयही त्यालाच देण्याकडे कल दिसतो. ते थोडं ताणलेलंच म्हणायला हवं, कारण संमोहनासारख्या झोपेतून उठल्यावर काहीच न आठवणं हे पुइसेगूर या फ्रेंच संमोहनकाराने १७८४ मध्येच नोंदवलं होतं, ‘फेलिदा’ या दोन अवस्थांत जगणाऱ्या बाईची तपासणी आझाम या फ्रेंच डॉक्टरने १८५८ च्या सुमारास सुरू केली, आणि आघात व तुटलेली जाणीव यांची सांगड घातली ती प्येर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने, १८८९ चा त्याचा ग्रंथ त्यात महत्त्वाचा. फारियाचं खरं श्रेय वेगळं आहे: ती झोप कुणाच्या चुंबकीय शक्तीने येत नाही, ज्याला येते त्याच्याच मनातून येते हे त्याने ठामपणे मांडलं. पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा (१९४५, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत) मात्र नेमका संमोहन करतानाचा आहे, जणू शक्ती त्याच्याच हातात आहे.

गोव्यात असल्या अनुभवाला आजार म्हणायच्या आधी भार, अवसर (अंगात येणं) किंवा बाधा म्हणतात, आणि पहिली फेरी घाड्याकडे (गावच्या मांत्रिकाकडे), देवळात कौल लावायला किंवा पाद्रीकडे होते. इथे नीट फरक करायला हवा. शिगम्यात गड्यांना येणारा भार, धालो या बायकांच्या लोकनृत्यात त्यांच्या अंगात येणारी रंभा हे ठरलेल्या वेळी, समाजाच्या मान्यतेने होतं आणि नंतर माणूस आपल्या कामाला लागतो, त्याला आजार म्हणत नाहीत. वेळीअवेळी, नको असताना येतं आणि नोकरी-संसार मोडायला लागतो तेव्हा गोष्ट वेगळी. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन वर्गीकरणाने ‘अंगात येण्या’चा अनुभवही डीआयडीच्या निकषात घेतला, आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मात्र पझेशन ट्रान्सची (अंगात येऊन भान हरपण्याची) वेगळी नोंद आहे.

लहानपणीच्या आघातातून हा आजार होतो की थेरपिस्टच्या सूचनेतून आणि वाचनातून घडतो, हा वाद जुना आहे. स्पॅनोस या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये दुसरी बाजू जोरात मांडली. सध्या आघाताच्या बाजूचं पारडं जड दिसतं, तरी आजकाल मोबाइलवर क्लिप बघून आपल्याला हेच आहे असं ठरवणारेही असतातच. अनुभवी तज्ज्ञ त्यात एक फरक बघतात: खरा पेशंट सहसा लपवतो, लाजतो, निदान झाल्यावरही ‘मी नाटक करतेय’ म्हणत राहतो.

चाचणी म्हणून डीईएस (१९८६) ही असे अनुभव किती येतात हे विचारणारी २८ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, पण ती फक्त चाळणी, निदान सविस्तर मुलाखतीवरूनच. गोव्यात त्यासाठी बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, आणि घरून बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर.