प्रतिगामी विश्लेषण (बुद्धिबळ)

पटावरची स्थिती कोणत्या खेळ्यांनी आली असेल, किंवा नियमांत राहून ती मुळात येऊ शकते का, हे उलट क्रमाने शोधण्याची पद्धत. नेहमीच्या कोड्यात पुढची खेळी शोधायची असते, येथे होऊन गेलेली. विचित्र मातेच्या स्थिती या शाखेत विशेष आवडीच्या.

उदाहरणार्थ (घराच्या नावातले अक्षर उभ्या पट्टीचे, अंक आडव्या ओळीचा), पांढरा राजा जी१, हत्ती डी८ व ई१, उंट जी५. काळा राजा ई८, प्यादे एफ७. काळ्यावर मात आहे. पण दोन्ही हत्ती एकदम शह देतात, हे घडले कसे? डी८ वरचा हत्ती डी-पट्टीतून वर आला म्हणावे, तर ई१ चा शह आधीपासूनच होता. आठव्या ओळीतून सरकत आला म्हणावे, तर तो स्वतःच आधी शह देत होता. उत्तर एकच उरते: ई७ वरच्या पांढऱ्या प्याद्याने डी८ वरचे काळे मोहरे मारले आणि शेवटची ओळ गाठल्याने तिथेच त्याचा हत्ती झाला, प्यादे हटल्यामुळे ई-पट्टी उघडली. वजीर घेतला असता तरी मात होतीच.

दोन घोड्यांचा एकाच वेळी शह मात्र कधीच येऊ शकत नाही. घोड्याची वाट अडत नाही, त्यामुळे ती दुसऱ्या मोहऱ्याने हटून उघडण्याचाही प्रश्न नसतो.

प्यादी मागे येत नाहीत, म्हणून सर्वांत भरवशाचा पुरावा त्यांचाच. ई२ व जी२ वरची पांढरी प्यादी हललेली नसतील, तर एफ१ चा उंट बाहेर पडलेलाच नाही. पांढऱ्या घरांवर दुसरीकडे पांढरा उंट दिसला, तर तो प्याद्याचा झालेला. एकाच पट्टीत दोन पांढरी प्यादी असली, तर त्यांपैकी किमान एकाने काहीतरी मारलेले असते.

संकेतही ठरलेले आहेत. राजा किंवा हत्ती आधी हलल्याचे सिद्ध होत नाही तोवर कॅसलिंगचा (राजा व हत्ती एकाच खेळीत हलवण्याचा) हक्क शाबूत मानतात. एन पासंटला (दोन घरे पुढे आलेले शेजारचे प्यादे लगेच, एकच घर आल्यासारखे मारणे) मात्र शेवटची खेळी प्याद्याची दोन घरांचीच होती, असे सिद्ध करावे लागते.

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मल्यन (१९१९–२०१७) यांनी शेरलॉक होम्सला घेऊन १९७९ मध्ये अशा कोड्यांचे पुस्तक लिहिले आणि हा विषय बुद्धिबळाबाहेरच्या वाचकांपर्यंत नेला. संगणकावरचे अंत्यडावांचे (थोडीच मोहरी उरलेल्या स्थितींचे निकाल देणारे) तक्तेही मातेपासून मागे मोजत बनवतात. त्या कामालाही हेच नाव असले, तरी तेथे एखाद्या डावाचा इतिहास शोधायचा नसतो.