दिवसाची घडी विस्कटली तेव्हा

मार्च २०२० मध्ये शिवाजी पार्कचा कट्टा ओस पडला. ६५ वर्षांवरील सर्वांनी घरातच राहावं, अशी सरकारी सूचना होती. विषाणूपासून जपायला ती योग्यच होती. पण पहाटेची फेरी, येताना घेतलेली भाजी, संध्याकाळचं भजनी मंडळ, सगळं एका दिवसात थांबलं.

आपल्या मेंदूत एक जैविक घड्याळ असतं. सकाळच्या उजेडावर ते रोज जुळवून घेतं. ठरल्या वेळचं जेवण, चालणं आणि भेटीगाठीही त्याला मदत करतात. उतारवयात ते तसंही थोडं कमजोर होतं. त्यात घरात कोंडून घ्यायचं, दिवसभर टीव्ही, दुपारी दोनदा डुलकी. मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. झोपमोड नैराश्याला खतपाणी घालते आणि नैराश्य झोपमोडीला. जवळचं माणूस जाणं, नोकरी सुटणं अशा घटनांनी दिनक्रम मोडतो आणि त्यातून शरीराची लय बिघडते, अशी मांडणी अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्येच केली होती.

किराणा दारात आणून ठेवणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि त्यांचे उपकार मोठेच. तरी मनाला तारते ती ‘हाक मारली तर कुणीतरी येईल’ ही खात्री. प्रत्यक्ष मिळालेल्या मदतीपेक्षा तिचा मनःस्वास्थ्याशी संबंध जास्त घट्ट दिसतो. लालबागच्या चाळीत गॅलरीतून ‘काकू, चहा झाला का?’ एवढं विचारलं तरी ती मिळते. (सामायिक संडासांमुळे संसर्गाची भीतीही तिथेच जास्त होती, हे विसरता येत नाही.) परगावच्या लेकीचा रोज संध्याकाळी सातला येणारा फोन तर दुहेरी कामाचा: आधारही देतो आणि दिवसाला वेळही लावतो.

महामारीआधीचं चित्रही बरं नव्हतं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०१७-१८ च्या ‘लासी’ या वाढत्या वयाच्या लोकांच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं आढळली. निदान झालेले होते फक्त ०.८ टक्के. ही तफावत मला फार अस्वस्थ करते. आजोबा ‘उदास वाटतं’ म्हणत नाहीत. ‘तोंडाला चव नाही, अंग दुखतं’ म्हणतात. घरचे म्हणतात, ‘आता वयच झालं.’ पण या वयातलं नैराश्यही औषधांनी आणि समुपदेशनाने बरं होऊ शकतं. अशा तक्रारी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, तर डॉक्टरांना मनाबद्दलही आवर्जून सांगा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.