कंटेनरमधील ग्राफिकल डेस्कटॉप

कंटेनर म्हणजे यजमान संगणकाचाच कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) वापरणारा, पण फाइली, प्रोसेस, वापरकर्ते आणि नेटवर्क यांचे स्वतःचे वेगळे जग असलेला कप्पा. अशा कप्प्यात खिडक्या, मेनू आणि माऊस यांसह पूर्ण डेस्कटॉप, किंवा त्यातला एखादाच दृश्य प्रोग्रॅम चालवण्याची पद्धत हा या नोंदीचा विषय आहे. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला आख्खा आभासी संगणक, हा वेगळा बंगला मानला, तर कंटेनर हे वाड्यातले बिऱ्हाड आहे : दार आणि चूल स्वतःची, पण पाया, आड आणि दिंडीदरवाजा सगळ्यांचा एक. व्हर्च्युअल मशीनला आभासी ग्राफिक कार्ड मिळते, त्यामुळे तिच्यात डेस्कटॉप नेहमीसारखा बसतो. कंटेनरच्या वाट्याला पडदाच येत नाही. पडदा, कळफलक, माऊस, स्पीकर ही सगळी यजमानाची मालमत्ता. आतल्या प्रोग्रॅमला ती वापरू द्यायची, तर भिंतीत कुठेतरी झरोका पाडावा लागतो, आणि तो कुठे व केवढा पाडायचा यावर पुढचे सारे ठरते.

पार्श्वभूमी

कप्पे करण्याची कल्पना जुनी आहे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या काळात, 1979 मध्ये, ‘सीएचरूट’ आले. त्याने फक्त फाइलींचे जग वेगळे केले. फ्रीबीएसडीचे ‘जेल’ 2000 साली आले, सोलारिसचे ‘झोन’ आणि लिनक्सवरचे ओपनव्हीझेड 2005 साली. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये प्रोसेसच्या गटांना साधनांचा वाटा ठरवून देणारे सीग्रुप 2008 च्या सुरुवातीला दाखल झाले, त्याच वर्षी कंटेनर चालवणारे एलएक्ससी सुरू झाले, आणि सामान्य वापरकर्त्याला कंटेनरच्या आत ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ देणारी यूजर नेमस्पेस (वापरकर्त्यांचे वेगळे जग) 2013 मध्ये 3.8 आवृत्तीत पूर्णत्वाला आली. कंटेनरचे दुसरे साधन डॉकरही 2013 चेच. एलएक्ससी हाताळणारे एलएक्सडी त्यानंतर आले आणि त्याची इन्कस ही शाखा 2023 मध्ये वेगळी झाली. ही सारी साधने सर्व्हरसाठी घडली. सर्व्हर रॅकमध्ये ठेवलेला असतो, त्याला मॉनिटर जोडलेला नसतो. त्यामुळे पडद्याचा विचार यांत मुळातच नव्हता.

तरीही काम जमले, याचे श्रेय मुख्यतः एक्स विंडो सिस्टिमला द्यावे लागते. एमआयटीत 1984 साली सुरू झालेल्या आणि 1987 मध्ये अकराव्या आवृत्तीपर्यंत पोहोचलेल्या या व्यवस्थेत प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर असणे गृहीतच धरले होते. एक्सच्या भाषेत ‘सर्व्हर’ म्हणजे ज्याच्याजवळ पडदा आणि कळफलक आहे तो, आणि प्रोग्रॅम हे त्याचे ‘क्लायंट’. नवख्याला हे उलटे वाटते, पण कंटेनरच्या बाबतीत हेच नेमके उपयोगी पडते : प्रोग्रॅम आत, सर्व्हर बाहेर, मध्ये एक सॉकेट, म्हणजे दोन प्रोग्रॅमना आपसात बोलण्यासाठीचे जोडणीचे टोक.

सॉकेट, कुकी आणि क्रमांक

यजमानावरचा एक्स सर्व्हर तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात एक युनिक्स सॉकेट उघडून बसतो. ते फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केले, म्हणजे आत जोडून दिले, आणि पडद्याचा पत्ता सांगणारा ‘डिस्प्ले’ हा व्हेरिएबल यजमानाप्रमाणेच ठेवला की निम्मे काम होते. तपासणीसाठी बहुतेक जण ‘एक्सआइज’ चालवतात : माऊसकडे टक लावून पाहणारे दोन डोळे पडद्यावर आले, तर वाट मोकळी आहे. पुष्कळदा मात्र डोळे येत नाहीत, डिस्प्ले उघडता येत नसल्याचा संदेश येतो. त्याचे कारण बहुधा कुकी असते.

एक्स सर्व्हर प्रत्येक क्लायंटकडे एक गुप्त कुकी मागतो. ती वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरातील एका फाइलीत असते. फाइल आत नेली तरी अडचण संपत नाही, कारण नोंदीत कुकीबरोबर यजमानाचे नावही असते आणि कंटेनरचे नाव वेगळे असते. आतला प्रोग्रॅम स्वतःच्या नावाची नोंद शोधतो आणि त्याला ती सापडत नाही. उपाय असा की नोंदीतला पत्त्याचा प्रकार ‘कोणत्याही यंत्रासाठी’ असा बदलून कुकीची वेगळी फाइल तयार करायची आणि तेवढीच आत द्यायची. हे काम एका ओळीच्या आज्ञेत होते. तेवढेही न करता ‘एक्सहोस्ट’ वापरून सर्वांनाच प्रवेश खुला करण्याचा सल्ला जागोजागी दिलेला आढळतो. तो पाळू नये. त्यामुळे कुलूपच काढून ठेवल्यासारखे होते.

यूजर नेमस्पेस असलेल्या कंटेनरमध्ये आणखी एक गुंता आहे. आतला 0 क्रमांकाचा वापरकर्ता यजमानाला सहसा 100000 म्हणून दिसतो आणि आतला 1000 हा 101000 म्हणून. आत ‘मी’ असलेला माणूस बाहेर परका ठरतो, आणि स्वतःच्याच फाइली वाचण्याची त्याला परवानगी नसते. एलएक्सडी आणि इन्कसमध्ये ठरावीक क्रमांक जसाच्या तसा आत नेण्याची सोय आहे. शिवाय ‘प्रॉक्सी’ उपकरण जोडून आतले सॉकेट बाहेरच्या सॉकेटशी सांधता येते. ही पद्धत फोल्डर माउंट करण्यापेक्षा नेटकी आहे.

सामायिक स्मृतीचा प्रश्न कमी लोकांना ठाऊक असतो. वेग वाढवण्यासाठी एक्सचे क्लायंट चित्रे सामायिक स्मृतीत ठेवून सर्व्हरला फक्त तिचा क्रमांक कळवतात. कंटेनरची आयपीसी (प्रोसेसमधील देवाणघेवाणीची) नेमस्पेस वेगळी असल्याने तो क्रमांक बाहेर निरर्थक ठरतो, आणि खिडकी कोरी राहते किंवा प्रोग्रॅम कोसळतो. मग एक तर आयपीसी यजमानाची वापरायची, नाहीतर प्रोग्रॅमला ही सवलत सोडायला सांगायचे. डॉकरमध्ये सामायिक स्मृतीची जागा मुळात 64 मेगाबाइट असते. मोठा ब्राउझर तेवढ्यात भागवू शकत नाही आणि टॅब धडाधड बंद पडतात. जागा वाढवून दिली की तक्रार थांबते.

आतच पडदा उभा करणे

दुसरा मार्ग म्हणजे यजमानाचा पडदा न मागता कंटेनरच्या आतच एक्स सर्व्हर चालवणे. एक्सव्हीएफबी हा असा सर्व्हर केवळ स्मृतीत चित्र काढतो. वेबसाइटच्या स्वयंचलित चाचण्यांमध्ये ब्राउझर याच्या आधारे चालतो. खिडक्या उघडतात, बटणे दाबली जातात, आणि ते पाहायला समोर कोणीही नसते. झेफर हा सर्व्हर यजमानाच्या डेस्कटॉपवरच्या एका खिडकीत दुसरा संपूर्ण डेस्कटॉप दाखवतो.

माणसाला लांबून बसून काम करायचे असेल, तर टायगरव्हीएनसीचा एक्सव्हीएनसी किंवा एक्सआरडीपी वापरतात. दूरच्या पडद्याचे चित्र नेटवर्कवरून दाखवणाऱ्या व्हीएनसीचा जन्म 1990 च्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत झाला. त्याचे पोर्ट (नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक) 5900 पासून सुरू होते आणि डिस्प्लेचा क्रमांक त्यात मिळवला जातो. एक्सआरडीपी वापरतो त्या, विंडोजच्या आरडीपी या तशाच पद्धतीचे पोर्ट 3389. व्हीएनसीच्या मूळ पासवर्डची पहिली 8 अक्षरेच ग्राह्य धरली जातात, त्यामुळे ते पोर्ट थेट इंटरनेटवर उघडणे धोक्याचे आहे आणि एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या बोगद्यातून जाणे शहाणपणाचे. नोव्हीएनसी किंवा अपाची ग्वाकामोली लावले, तर साध्या ब्राउझरमध्येही डेस्कटॉप उघडतो. एका सर्व्हरवर अनेक विद्यार्थ्यांना वेगवेगळे डेस्कटॉप देण्यासाठी हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो : प्रत्येकाचे बिऱ्हाड वेगळे राहते, कोणी काही बिघडवले तर तेवढा कंटेनर टाकून नवा उभा करता येतो, आणि यजमानाच्या पडद्याला हात लागत नाही.

खरा मॉनिटर आणि खरा कळफलकच कंटेनरच्या ताब्यात देणेही शक्य आहे, पण मग टर्मिनल, इनपुट आणि ग्राफिक कार्ड यांच्या उपकरण-फाइली आत द्याव्या लागतात. एका वेळी एका कार्डाच्या पडद्यावर एकाचीच सत्ता चालते, आणि नंतर जोडलेल्या माऊसची वर्दी आतल्या सर्व्हरला आपोआप मिळत नाही. एवढा खटाटोप क्वचितच सार्थकी लागतो.

पूर्ण डेस्कटॉपच्या गरजा

एखादी खिडकी दाखवणे आणि पूर्ण डेस्कटॉप चालवणे यांत बरेच अंतर आहे. नोम किंवा केडीई या मोठ्या डेस्कटॉपना प्रोग्रॅमचे आपसातले निरोप पोहोचवणाऱ्या डी-बसचे सत्र, लॉगइनची नोंद ठेवणारी सेवा आणि सेवांचा व्यवस्थापक सिस्टिमडी हवा असतो. एलएक्ससी, इन्कस किंवा सिस्टिमडी-एनस्पॉन यांचे कंटेनर पूर्ण कार्यप्रणालीसारखे सुरू होतात, म्हणून त्यांत हे सहज मिळते. डॉकरचा कंटेनर एका प्रोग्रॅमसाठी बेतलेला असतो. त्यात हे सारे हाताने जुळवावे लागते. एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी किंवा माटे असे हलके डेस्कटॉप म्हणूनच जास्त वापरले जातात. डेस्कटॉपबरोबर बॅटरी, वायफाय आणि डिस्क सांभाळणाऱ्या सेवाही आत येतात. त्यांना आत काहीच काम नसते, त्या बंद केलेल्या बऱ्या. पडदा कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम तर आधी काढावा. कंटेनरमधल्या वापरकर्त्याला अनेकदा पासवर्ड दिलेलाच नसतो, आणि कुलूप लागले की ते उघडायचे कशाने?

उबंटूच्या 22.04 आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅप या स्वयंपूर्ण पॅकेजच्या स्वरूपात येतो. डॉकरमध्ये स्नॅपची सेवा चालत नसल्याने नेहमीच्या आज्ञेने टाकलेला फायरफॉक्स तिथे सुरूच होत नाही. अशा कामासाठी डेबियनची प्रतिमा (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) घेणे सोपे पडते.

ग्राफिक कार्डाच्या ‘रेंडर’ उपकरणाची फाइल आत दिली आणि तिची परवानगी जुळली, तर इंटेल व एएमडीच्या कार्डांवर मेसा या मुक्त ग्राफिक लायब्ररीच्या साहाय्याने त्रिमिती चित्रण पूर्ण वेगाने चालते, कारण कर्नल एकच आहे. एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरला मात्र आतली लायब्ररी आणि बाहेरचे कर्नल मॉड्यूल यांची आवृत्ती तंतोतंत सारखी लागते. कार्ड दिलेच नाही, तर प्रोसेसर स्वतः चित्र काढतो. ते दिसते व्यवस्थित, पण व्हिडिओ अडखळतो. आवाजासाठी पल्सऑडिओ किंवा पाइपवायरचे सॉकेट आत दिले की भागते.

वेलँड आणि सुरक्षितता

एक्सच्या मोकळेपणाची किंमतही मोठी आहे. एकाच एक्स सर्व्हरला जोडलेला कोणताही प्रोग्रॅम इतरांच्या खिडक्यांचे चित्र घेऊ शकतो, दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकतो, बनावट कळाही पाठवू शकतो. संशयास्पद प्रोग्रॅम कंटेनरमध्ये कोंडला आणि त्याला यजमानाचा एक्स सर्व्हर दिला, तर फाइली सुरक्षित राहतात, पण बँकेचा पासवर्ड टाइप होताना तो ऐकतच असतो. यजमानाचे नेटवर्क सामायिक केले, तर धोका आणखी सूक्ष्म होतो. लिनक्सवर एक्सचे एक ‘अमूर्त’ सॉकेटही असते; ते फाइलव्यवस्थेत नसून नेटवर्क नेमस्पेसमध्ये असते. म्हणजे सॉकेटचे फोल्डर माउंट केले नाही तरी ते आतून पोहोचता येण्याजोगे राहते, आणि कुकी हाच शेवटचा अडसर उरतो.

वेलँड हा एक्सऐवजी वापरता येणारा, 2008 मध्ये सुरू झालेला प्रोटोकॉल इथे बराच बरा. त्यात एक क्लायंट दुसऱ्याची खिडकी पाहू शकत नाही. चित्रे फाइल-डिस्क्रिप्टरच्या (उघडलेल्या स्मृतीच्या हवाल्याच्या) रूपाने सॉकेटवरूनच दिली जातात, त्यामुळे सामायिक स्मृतीचा मघाचा प्रश्नही उरत नाही. वापरकर्त्याच्या रनटाइम फोल्डरातील एक सॉकेट आत दिले की पुरते. नेटवर्कवरून खिडकी नेण्याची सोय मात्र त्यात मूळची नाही.

ब्राउझर स्वतःचा संरक्षक कप्पा तयार करण्यासाठी यूजर नेमस्पेस वापरतात. डॉकरचे नेहमीचे नियम तिला मनाई करतात, म्हणून क्रोमियम सुरू होत नाही, आणि लोक कंटाळून त्याचा कप्पाच बंद करतात. बाहेरच्या भिंतीच्या भरवशावर आतली तिजोरी उघडी टाकण्याचा हा प्रकार आहे. त्याऐवजी नियमांत नेमकी तेवढी सूट द्यावी.

तयार व्यवस्था

हे सगळे हाताने न जुळवता वापरणारे लोक आज बरेच आहेत, अनेकदा नकळत. क्रोमबुकवर 2018 पासून मिळणारी लिनक्सची सोय म्हणजे एका लहान व्हर्च्युअल मशीनच्या आत ‘पेंग्विन’ नावाचा डेबियन कंटेनर; ‘सोमेलिए’ नावाचा मध्यस्थ त्याच्या खिडक्या बाहेरच्या पडद्यापर्यंत पोहोचवतो. विंडोजवर लिनक्स चालवण्याच्या सोयीतील डब्ल्यूएसएलजी हा भाग आतल्या लिनक्स प्रोग्रॅमच्या खिडक्या आरडीपीवरून विंडोजच्या डेस्कटॉपवर आणते. वेड्रॉइड अख्खी अँड्रॉइड प्रणाली एलएक्ससी कंटेनरमध्ये चालवून वेलँडवर दाखवते. डिस्ट्रोबॉक्स आणि टूलबॉक्स या कंटेनर बनवून देणाऱ्या साधनांत घरचे फोल्डर, सॉकेट, कार्ड सगळे आपोआप आत जाते. सोय उत्तम, पण तो विलगीकरणाचा उपाय नव्हे, आणि त्यांचा तसा दावाही नाही.

देवनागरीची सोय

मराठीत काम करणाऱ्याला कंटेनरमध्ये पहिले दर्शन बहुधा रिकाम्या चौकोनांचे होते. लहान प्रतिमांमध्ये फॉन्ट नसतात, असलाच तर डेजावू असतो, आणि त्यात देवनागरी नाही. यजमानावर कितीही फॉन्ट असले तरी उपयोग नाही, कारण आजचे प्रोग्रॅम अक्षरे स्वतः जुळवून तयार चित्रच सर्व्हरला देतात. म्हणून नोटो किंवा लोहितसारखा फॉन्ट आतच टाकावा लागतो, किंवा यजमानाचे फॉन्टचे फोल्डर फक्त वाचण्यापुरते आत द्यावे. मराठी लोकेल (भाषा आणि तारखांच्या पद्धतीची मांडणी) ही आत तयार करून घ्यावी लागते; तसे केले नाही, तर मेनू आणि तारखा इंग्रजीतच राहतात.

टंकनाचे गणित याच्या उलट आहे. इनस्क्रिप्ट किंवा मराठी कगप ही कळफलकाची मांडणी एक्स सर्व्हरच्या बाजूला, म्हणजे यजमानावर असते. ती तिथे निवडली की कंटेनरमधल्या खिडकीतही मराठी उमटते, आत काहीही करावे लागत नाही. आयबस या टंकन-सेवेतून उच्चाराप्रमाणे लिहिणाऱ्यांची वाट मात्र डी-बसवरून जाते आणि ती भिंतीपाशी अडते. त्यांनी आयबस कंटेनरच्या आतच चालवावा, किंवा प्रोग्रॅम जुना असेल तर एक्सआयएम या एक्सच्या जुन्या टंकन-पद्धतीचा पर्याय निवडावा; तो एक्सच्याच सॉकेटवरून जात असल्याने त्याच्यासाठी नवा झरोका लागत नाही.