तेल आहे, पण दिसत नाही

त्वचेला लावायच्या एखाद्या द्रवाच्या घटकांच्या यादीत करडईचं तेलही आहे आणि पाणीही, पण बाटलीतला द्रव मात्र नितळ. हलवला तरी दुधी होत नाही, कित्येक आठवडे ठेवला तरी वर तवंग येत नाही. अशी बाटली हाती आलीच तर अंधाऱ्या खोलीत लेसर पॉइंटर घेऊन बसा. त्याचा झोत आधी स्वच्छ पाण्याच्या ग्लासातून सोडा. पाण्यात तो जवळजवळ दिसतच नाही. मग तोच या बाटलीतून सोडा. आरपार लख्ख रेघ उमटते. (झोत डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळा.) म्हणजे आत प्रकाश विखुरणारं काहीतरी आहे, फक्त नजरेला वेगळं कळू नये इतकं बारीक. बहुधा ते मायक्रोइमल्शन असतं, म्हणजे पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पसरलेलं मिश्रण.

नेहमीच्या क्रीममधले तेलाचे थेंब साधारण 1 ते 10 मायक्रोमीटरचे असतात. ते सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून क्रीम पांढरं दिसतं. मायक्रोइमल्शनमधले थेंब 10 ते 100 नॅनोमीटरचे. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर असते, तेव्हा एवढ्याशा थेंबांना तो फारशी दाद देत नाही आणि बराचसा आरपार निघून जातो.

थेंब लहान करणं म्हणजे काय, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. 1 मिलिलिटर तेलाचे 10 मायक्रोमीटर व्यासाचे थेंब केले, तर त्या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग 0.6 चौरस मीटर भरतो. तेच थेंब 20 नॅनोमीटरचे केले, तर 300 चौरस मीटर! बॅडमिंटनची साडेतीन कोर्टं, आणि तेल चमचाभरसुद्धा नाही. तेल आणि पाणी एकमेकांना टाळतात, त्यामुळे त्यांच्यातली सीमा वाढवायची तर ऊर्जा मोजावी लागते. क्रीम करताना ती यंत्राने घुसळून दिली जाते. पण तयार झाल्या क्षणापासून क्रीमची पावलं फुटण्याच्याच दिशेने पडत असतात. आपण फक्त त्यांचा वेग कमी करतो. मायक्रोइमल्शनमध्ये सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य, ज्याच्या रेणूचं डोकं पाण्यात आणि शेपटी तेलात राहते) आणि त्याच्या जोडीचं अल्कोहोलसारखं द्रव्य या सीमेवरचा ताण इतका खाली आणतात की रेणूंची नेहमीची उष्णताजन्य धडपडच पुरेशी होते. हलकं ढवळलं की ते आपोआप जमतं, आणि तापमान व प्रमाण बदललं नाही तर टिकून राहतं.

टी. पी. होर आणि जे. एच. शुलमन यांनी अशा पारदर्शक मिश्रणांबद्दल 1943 साली ‘नेचर’मध्ये लिहिलं. ‘मायक्रोइमल्शन’ हे नाव पडलं 1959 मध्ये. नावाने घोळ मात्र घालून ठेवला आहे. ‘नॅनोइमल्शन’ नावाचा वेगळाच प्रकार आहे, त्याचे थेंब अनेकदा याच्यापेक्षा मोठे असतात आणि ते आपोआप टिकतही नाही.

वनस्पती तेलांशी गाठ पडली की खरी पंचाईत सुरू होते. तेलाचा रेणू म्हणजे ट्रायग्लिसराइड: ग्लिसरॉलला लटकलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या, बहुतेक तेलांत 18-18 कार्बनच्या. इवल्या थेंबाभोवती सर्फॅक्टंटचा थर घट्ट वाकायला हवा. आयसोप्रोपिल मायरिस्टेट या तेलकट द्रव्यासारखा लहान रेणू त्या थरातल्या शेपट्यांमध्ये सहज शिरतो आणि वाकायला मदत करतो. ट्रायग्लिसराइडचं अवजड धूड तिथे मावत नाही. मग सर्फॅक्टंट वाढवावा लागतो, पुष्कळदा तेलापेक्षाही जास्त.

आणि सर्फॅक्टंटला बाटलीतलं तेल कोणतं आणि त्वचेतलं कोणतं, हे कळत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो. त्यातल्या मृत पेशींच्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांनी लिंपलेल्या असतात. सर्फॅक्टंट हे लिंपण सैल करतो. त्यामुळेच तेलात विरघळलेलं ई जीवनसत्त्व आत जायला वाट मिळते, आणि त्यामुळेच नाजूक त्वचा चुरचुरते. म्हणून लेसिथिन, अल्किल पॉलिग्लुकोसाइड अशा सौम्य पर्यायांकडे ओढा आहे. तेलाची निवडही महत्त्वाची: करडईतलं लिनोलेइक आम्ल त्वचेला सिरॅमाइड बनवायला लागतं, ऑलिव्ह तेलात जे भरपूर असतं ते ओलेइक आम्ल मात्र सुटं झालं की हे लिंपण आणखी विस्कटतं.

जाहिरातीतल्या चित्रात चिमुकले थेंब त्वचेत सूर मारताना दिसतात. ते चित्र मला पटत नाही. हातावर पातळ थर पसरला की पाणी उडायला लागतं, पाणी-तेल-सर्फॅक्टंटचं प्रमाण बदलतं, आणि बाटलीत होती ती रचनाच उरत नाही. आत शिरतात ते सुटे रेणू.

लेबल वाचणार असाल तर घटकांचा क्रम बघा. सहसा जास्त प्रमाणाचा घटक आधी लिहितात. करडईच्या तेलाच्या आधी पॉलिसॉर्बेट 80 हे सर्फॅक्टंट दिसलं, तर त्या नितळपणाची किंमत कुठे मोजली आहे ते तिथेच कळतं.