प्रतिकृती-इंजिनांचे बारकावे आणि फेररंगकाम

कारखान्यातून तयार आलेल्या वाफेच्या इंजिनाच्या छोट्या प्रतिकृतीला घरच्या टेबलावर सुटे भाग बसवणे, तिचा जुना रंग उतरवून किंवा झाकून नवा देणे आणि शेवटी तिच्यावर काजळी, गंज, तेल यांच्या खुणा उमटवणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. जर्मनी व अमेरिकेतही त्याची मोठी परंपरा आहे, पण त्याची शिस्त सर्वांत काटेकोरपणे पाळली गेली ती ब्रिटनमध्ये. त्यामुळे या नोंदीतली बहुतेक उदाहरणे तिथली आहेत.

एक इंजिन, एक तारीख

नवशिक्याला वाटते की हे रंगकाम आहे. खरे तर ब्रश हातात येण्याआधी निम्मे काम झालेले असते आणि ते असते तारीख ठरवण्याचे. दुकानातली प्रतिकृती साधारणपणे एका वर्गाचे चित्र असते. छंदिकाला हवे असते त्या वर्गातले एकच इंजिन, एका ठरावीक वर्षी जसे होते तसे.

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध ब्रिटिश इंजिनाचेच पाहा. १९२३ मध्ये डॉनकॅस्टरच्या कारखान्यातून ते १४७२ या क्रमांकाने बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ४४७२ झाले. १९२८ मध्ये लंडन–एडिंबरो प्रवास न थांबता करायचा म्हणून त्याला मधून बोळ असलेले टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, जोडले गेले. त्या बोळातून धावत्या गाडीत ड्रायव्हर-फायरमनची बदली होई. युद्धकाळात ते काळे झाले. १९४६ मध्ये क्रमांक दोनदा बदलला, आधी ५०२ आणि मग १०३. १९४७ मध्ये जास्त दाबाचा बॉयलर आला आणि स्मोकबॉक्सच्या (बॉयलरपुढच्या धुराच्या पेटीच्या) दोन्ही बाजूंना लहान चौकोनी झाकणे दिसू लागली. राष्ट्रीयीकरणानंतर क्रमांक ६०१०३ झाला. रंग काही काळ निळा, नंतर गडद हिरवा. जानेवारी १९५९ मध्ये दुहेरी धुराडे बसले, १९६१ मध्ये धूर वर ढकलणारे पत्रे लागले आणि जानेवारी १९६३ मध्ये इंजिन सेवेतून गेले. चाळीस वर्षांत यातल्या कोणत्या दोन गोष्टी एकत्र होत्या आणि कोणत्या नव्हत्या, हे माहीत नसेल तर उत्तम रंगवलेले इंजिनही खोटे ठरते. सफरचंदी हिरव्या ४४७२ ला दुहेरी धुराडे दिसले की जाणकाराच्या कपाळावर आठी पडते, कारण नियमित सेवेत असा मेळ कधीच नव्हता. गंमत म्हणजे १९९९ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर, जतन केलेले इंजिन म्हणून ते खरोखरच तसे धावले. तेव्हा ‘चूक’ म्हणण्याआधीही तारीखच विचारावी लागते.

नावाजलेल्या इंजिनाची निदान छायाचित्रे मुबलक असतात. ‘ब्लॅक फाइव्ह’ या ब्रिटिश इंजिनांच्या वर्गात मात्र १९३४ ते १९५१ या काळात ८४२ इंजिने बांधली गेली. बॉयलरवर घुमट असलेली आणि नसलेली, रिव्हेट मारलेल्या टेंडरांची आणि वेल्डिंग केलेल्या टेंडरांची, नेहमीच्या झडपांची आणि कॅप्रोटी नावाच्या वेगळ्या रचनेच्या झडपांची. शिवाय बॉयलर व टेंडर एका इंजिनावरून दुसऱ्यावर जात. म्हणून प्रत्येक फेररंगकामामागे किमान एक छायाचित्र लागते, शक्यतो दोन्ही बाजूंचे आणि तारीख नोंदवलेले.

प्रमाण आणि जाडी

ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेले ‘ओओ’ प्रमाण १:७६.२ आहे, म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेत ‘एचओ’, म्हणजे १:८७ चालते. रूळ मात्र दोघांचा एकच, दोन पट्ट्यांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतराचा. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान असल्यामुळे सुरुवातीच्या मोटारी ‘एचओ’ आकाराच्या सांगाड्यात, म्हणजे इंजिनाच्या वरच्या कवचात, मावत नव्हत्या. सांगाडा मोठा केला आणि रूळ तसाच ठेवला. त्यामुळे ‘ओओ’ इंजिन समोरून पाहिले तर पाय जवळ घेऊन उभे राहिल्यासारखे दिसते. खरा १,४३५ मिलिमीटरचा मार्ग त्या प्रमाणात १८.८३ मिलिमीटर व्हायला हवा. काही जण चाके-आस बदलून तिथवर पोहोचतात, पण तो वेगळाच संसार आहे.

रंगकामाच्या दृष्टीने प्रमाणाचा अर्थ एवढाच की रंगाचा थरही ७६ पट होतो. एक दशांश मिलिमीटर जाडीचा हात म्हणजे खऱ्या इंजिनावर साडेसात मिलिमीटरचा लेप; त्याखाली रिव्हेटची डोकी आणि दरवाजाच्या बिजागऱ्या बुडून जातात. जुना रंग उतरवण्याचा खटाटोप यासाठीच करतात.

जुना रंग उतरवणे

आधी सांगाडा खालच्या चौकटीपासून सोडवतात. मोटार, चाके, विद्युतजोडण्या बाजूला ठेवतात, कोणता स्क्रू कुठला याची फोटोसह नोंद करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवले की बराचसा कारखानी रंग सुटतो आणि जुन्या टूथब्रशने निघतो. ब्रिटनमध्ये डेटॉल वापरण्याची जुनी घरगुती रीत आहे. त्यात एक मेख आहे: डेटॉलने सुटलेल्या रंगाला लगेच पाणी लागले तर त्याचा चिकट गाळ होऊन तो खाचाखाचांत बसतो, म्हणून आधी डेटॉलमध्येच किंवा अल्कोहोलमध्ये विसळायचे आणि मग साबणाचे पाणी. सेल्युलोज थिनर प्लास्टिकला विरघळवतो. तो धातूच्या सांगाड्यापुरताच.

नुसता क्रमांक बदलायचा असेल तर इतके करण्याची गरज नसते. इनॅमल थिनरमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा छापील अंकांवरून हलकेच फिरवतात आणि लाकडी दातकोरणीने उरलेली कड उचलतात. हात जड पडला तर अंकाबरोबर खालचा हिरवाही जातो.

सुटे भाग

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या ब्रिटिश कंपन्यांचे उत्पादन चीनमध्ये गेले आणि त्यानंतरच्या इंजिनांवर वेगळे बसवलेले बारीक भाग कारखान्यातूनच येऊ लागले. त्याआधीच्या इंजिनांवर बॉयलरलगतचे हातकठडे सांगाड्याबरोबरच ओतलेले असत. ते छिन्नीसारख्या सपाट पात्याने खरवडून काढायचे, पॉलिश पेपरने जागा गुळगुळीत करायची, हातड्रिलने अर्धा मिलिमीटरची भोके पाडून त्यांत पितळी गुंड्या बसवायच्या आणि त्यांतून ०.४५ मिलिमीटरची तार ओवायची. हे या छंदातले पहिले खरे काम मानले जाते आणि सर्वाधिक फरकही त्यानेच पडतो, कारण तार आणि बॉयलर यांच्यामधून उजेड दिसू लागतो.

पुढे ज्याची त्याची हौस. दिवे अडकवायच्या पट्ट्या, निर्वात ब्रेकची नळी, स्क्रूची जोडसाखळी, वाळूच्या नळ्या, ब्रेकचे दांडे, स्मोकबॉक्सच्या दाराची मूठ. मेणाच्या नमुन्यावरून साचा करून ओतलेले पितळी भाग रेखीव असतात आणि त्यांना डाख देता येतो. पांढऱ्या धातूचे, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचे, भाग स्वस्त, पण कमी उष्णतेवर वितळतात, म्हणून डाख देण्याची नेहमीची कावी त्यांच्याजवळ नेऊ नये. जुन्या पांढऱ्या धातूत शिसे असते; कानस चालवल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नये. कॅबच्या (चालकाच्या खोलीच्या) खिडकीची पारदर्शक काच फेवीक्विकसारख्या गोंदाने चिकटवली तर वाफेने पांढुरकी होते, तिथे फेव्हिकॉलच बरा.

टेंडरमधला प्लास्टिकचा कोळसा काढून खरा दगडी कोळसा फोडून, चाळून, पातळ फेव्हिकॉलने बसवतात. प्रमाणाला अपवाद करून खरी वस्तू वापरावी अशी ही जवळजवळ एकमेव जागा. इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा इथे उपयोगाचा नाही, कारण त्याला दगडी कोळशाची चमक नसते.

अस्तर, रंग, रेघा

धुतलेल्या सांगाड्याला नंतर बोट लावायचे नाही. त्वचेच्या तेलावर रंग धरत नाही आणि पुढे पोपडे निघतात. पितळ किंवा पांढरा धातू असेल तर धातूला धरणारे अस्तर लागते. करड्या अस्तराचा पातळ हात दिला की आजवर न दिसलेले ओरखडे आणि गोंदाचे डाग दिसू लागतात, आणि बहुतेकांना इथून एकदा मागे फिरावे लागते.

रंग एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, देतात. ०.२ ते ०.३ मिलिमीटर तोंडाचा, हवा आणि रंग वेगवेगळे आवरता येणारा एअरब्रश, १५ ते २० पीएसआय दाब आणि दुधाइतका पातळ केलेला रंग, हे सर्वसाधारण मान. तीन-चार पातळ हात, प्रत्येक सुकल्यावर पुढचा. गॅलरीत पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून फवारणी करणाऱ्याने तोंडावर श्वसनमुखवटा लावावा आणि घरातला पंखा बंद ठेवावा. मुखवटा फुप्फुसासाठी, पंखा धुळीसाठी. सुकणाऱ्या इंजिनावर मोठा डबा पालथा घालतात.

निव्वळ काळा रंग कोणी जाणता वापरत नाही. छोट्या वस्तूवर तो भोकासारखा दिसतो, आकार गिळून टाकतो. त्यात थोडा करडा किंवा तपकिरी मिसळतात. चकाकीचेही तसेच आहे, तीही थोडी मारावी लागते.

रेघा ही खरी परीक्षा. ब्रिटिश रेल्वेच्या हिरव्या इंजिनांवर नारिंगी-काळी-नारिंगी अशी तिहेरी पट्टी असे, तर काळ्या बहुउपयोगी इंजिनांवर लाल, मलई आणि करड्या रेघा. काही जण पातळ केलेला इनॅमल जुन्या आखणी-पेनात भरून त्या ओढतात. या पेनाच्या दोन जिभांमधले अंतर स्क्रूने कमी-जास्त करता येते, त्यावर रेघेची जाडी ठरते. बाकीचे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची तयार छापील चित्रे, वापरतात. डिकॅल खडबडीत मॅट रंगावर बसवले तर खाली हवा अडकून चंदेरी झाक येते. म्हणून आधी चकचकीत व्हार्निश, मग डिकॅल, त्यावर ते मऊ करणारा द्राव आणि शेवटी मॅट व्हार्निश हाच क्रम. आपल्याकडे शेवटचा टप्पा पावसाळ्यात टाळलेला बरा. दमट हवेत फवारलेले मॅट व्हार्निश दुधाळ होते आणि महिनाभराचे काम धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते.

नावाच्या कोरीव पितळी पाट्यांची युक्ती मात्र सोपी आहे. सगळी पाटी काळी किंवा लाल रंगवायची, सुकू द्यायची आणि सपाट ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर पालथी घासायची. उठावाची अक्षरे पितळी होऊन वर येतात. ती चिकटवायलाही व्हार्निशचा थेंब पुरतो. फेवीक्विकने वाकडी बसली की बसली.

मळवणे

नव्या रंगावर मुद्दाम घाण चढवणे हा छंदातला सर्वांत वादग्रस्त भाग आहे. चांगला मळवणारा प्रत्येक डागाचे कारण सांगू शकतो. स्मोकबॉक्स तापून त्याचा काळा रंग करडा-तपकिरी होतो. जड पाण्याच्या भागात सुरक्षा-झडपेखाली आणि बॉयलर धुण्याच्या बुचांखाली क्षारांचे पांढरे ओघळ उतरतात. स्मोकबॉक्सच्या दारातून ओढलेली राख पुढच्या फळीवर साचते. ब्रेकच्या बिडाची धूळ चाकांवर आणि चौकटीच्या खालच्या भागावर तांबूस बसते, दांड्यांवर मात्र तेलाची ओली काळी चमक असते. टेंडरवर पाणी भरण्याच्या तोंडाभोवती सांडलेल्या पाण्याने उलट स्वच्छ पट्टे पडलेले असतात. नवशिके सगळीकडे एकच तपकिरी फवारा मारतात आणि इंजिन चॉकलेटात बुडवल्यासारखे दिसते.

इथेही तारीख आडवी येते. १९३० च्या दशकात मोठ्या शेडमधली जलद गाड्यांची इंजिने रोज पुसली जात. १९६० च्या दशकात सफाईला माणसे मिळेनाशी झाली. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरून वाफ गेली, त्याआधीच्या काही वर्षांतल्या छायाचित्रांत पूर्ण मळलेल्या इंजिनाच्या कॅबवर फक्त क्रमांकापुरती जागा चिंधीने पुसलेली दिसते. हे एवढेच नीट साधले, तर बाकी काही न करताही वर्ष कळते.

जुन्या, खोक्यासकट टिकलेल्या खेळण्यांना हात लावावा का, यावर संग्राहक आणि छंदिक यांचे कधी पटत नाही. १९३८ मध्ये सुरू झालेल्या हॉर्नबी-डब्लो मालिकेतले मूळ रंगातले इंजिन फेररंगवल्यावर संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडते. याबाबत संग्राहकांचे ऐकावे हे उत्तम; सरावाला मोडकी, खोके हरवलेली इंजिने पुष्कळ असतात.

भारतीय इंजिने

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, आणि महाराष्ट्रातल्या अनेकांनी धावती प्रतिकृती पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. भारतीय इंजिन घरी करू पाहणाऱ्याची पहिली अडचण रुळाची. आपला १,६७६ मिलिमीटरचा रुंद मार्ग ‘ओओ’ प्रमाणात २२ मिलिमीटर होतो आणि तयार १६.५ मिलिमीटरच्या रुळावर ठेवलेले भारतीय इंजिन ब्रिटिश इंजिनाहून जास्तच पाय आखडून उभे राहते. १९०७ च्या माथेरान गाडीचे उलटे आहे. तिचा ६१० मिलिमीटरचा मार्ग ८ मिलिमीटर व्हायला हवा, पण तयार रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो. हा फरक डोळ्याला फारसा खुपत नाही.

दुसरी अडचण अक्षरांची. टेंडरवरची विभागाची देवनागरी अक्षरे डिकॅल कागदावर घरीच छापून घ्यायची, तर साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापताच येत नाही. मग पांढऱ्या डिकॅल कागदावर अक्षराभोवतीची जमीन टेंडरच्या रंगाशी जुळवून छापतात आणि कडा ब्रशने मिसळतात. प्रवासी गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाच्या बंदुकीच्या गोळीसारख्या नाकावरचा तारा मात्र पातळ पत्र्यातून कापून बसवलेला चांगला दिसतो. छापलेला तारा त्या वक्रावर सुरकुततो.

रंगासाठी पुरावा शोधताना लोक स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनाकडे जातात. तिथे टेपने मापे घ्यावीत, रिव्हेट मोजावेत, नळ्यांची वळणे टिपावीत. त्याच्यावरचा लाल-पिवळा ऑइलपेंट मात्र बहुधा चौथऱ्यावर आल्यानंतरचा असतो, आणि कित्येकदा त्याखाली दाबमापकाच्या काचेसकट सगळे एकाच हाताने रंगवलेले सापडते.