हिमोबिलिया आणि सिस्टिक धमनीचा स्यूडोॲन्युरिझम

पित्तनलिकेत रक्तस्राव होतो त्याला हिमोबिलिया म्हणतात. हल्ली याच्या बऱ्याच केसेस लिव्हर बायोप्सी, पित्तनलिकेत नळी टाकणं किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन यांनंतरच्या असतात, त्यामुळे तसं काही झालेलं असेल तर शंका लवकर येते. पण पेशंटला मारही लागलेला नाही, ऑपरेशनही नाही, तेव्हा निदान रखडतं. सिस्टिक धमनीचा, म्हणजे पित्ताशयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचा, स्यूडोॲन्युरिझम (धमनीबाहेर साचलेल्या रक्ताचा फुगा) हे असंच एक दुर्मिळ कारण. पित्ताशयाची सूज शेजारच्या धमनीपर्यंत पोचते, तिची भिंत झिजते आणि बाहेर आलेलं रक्त नुसत्या आजूबाजूच्या टिश्यूंनी अडवून धरलेलं असतं, ते पुढे पित्ताशयात फुटतं.

हिमोबिलियाचं पहिलं वर्णन कोणाचं यावर एकमत नाही. बहुतेक जण फ्रान्सिस ग्लिसन यांचं १६५४ चं लिखाण धरतात, पण तो पेशंट जखमेने दगावलेला होता; जिवंत पेशंटमधल्या निदानाचं श्रेय अंत्वान पोर्ताल यांना (१७७७ च्या सुमारास) दिलं जातं. पोटाच्या वरच्या उजव्या भागात दुखणं, कावीळ आणि आतड्यातून रक्त जाणं हे त्रिकूट मात्र हाइनरिश क्विंके यांच्या १८७१ च्या नोंदीवरून ओळखलं जातं, आणि निदानाच्या दृष्टीने खरी सुरुवात तीच मानणं जास्त पटतं. ‘हिमोबिलिया’ हे नाव फिलिप सँडब्लोम यांनी दिलं, १९४८ मध्ये. तिन्ही लक्षणं एकत्र दिसणारे पेशंट निम्म्याहूनही कमी असतात, हे पुस्तकं वाचताना विसरायला होतं.

कावीळ होते ती गुठळीमुळे. रक्त हळू झिरपलं तर नलिकेतच गोठतं आणि पित्त अडतं, जोरात आलं तर उलटीतून किंवा काळ्या शीतून बाहेर पडतं. सोनोग्राफीत ही गुठळी खडा, गाळ किंवा गाठ वाटू शकते, म्हणून खडा काढायला ईआरसीपी (तोंडावाटे स्कोप घालून पित्तनलिकेत करायची प्रक्रिया) केली आणि नलिकेच्या तोंडातून रक्त आलं, असंही होतं. साधी एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण रक्त थांबून थांबून येतं आणि समोर बघणाऱ्या स्कोपला ते तोंड नीट दिसतही नाही. डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावला तर स्यूडोॲन्युरिझममध्ये रक्त गोल फिरताना दिसतं, पण भर सीटी अँजिओग्राफीवर (डाय देऊन रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी), त्यातही धमनीच्या फेजवर, म्हणजे डाय धमन्यांत असताना घेतलेल्या चित्रांवर. ती फेज घेतलीच नसेल तर स्यूडोॲन्युरिझम सुटू शकतो.

उपचारात अँजिओग्राफीतून कॉइल (धातूची बारीक गुंडाळी) टाकून धमनी बंद करतात, पित्त अडलेलं असेल तर स्टेंट घालतात, आणि पेशंट सावरला की पित्ताशय काढतात, कारण धमनी बंद झाल्यावर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.