पार्श्वभूमी : आरोग्याची माहिती आणि अश्लीलतेचं कलम

गे आणि बायसेक्शुअल पुरुष काय वाचतात, काय बघतात आणि त्याचा त्यांच्या लैंगिक आरोग्याशी काय संबंध, ही चर्चा हल्ली डेटिंग अॅप आणि पॉर्नभोवती फिरते. मुंबईपुरतं बोलायचं तर तिची सुरुवात बरीच आधी, आणि तीही कोर्टात झाली.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. संततिनियमन हा त्याचा मुख्य विषय. पण वाचक पत्रं लिहून मनातल्या शंका विचारायचे आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं छापायचे. त्यात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे विषयही असत. अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू लढवली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कर्वे हरले, दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत निघत राहिलं.

कर्व्यांनंतर मराठी पुरुषाच्या वाट्याला उरल्या त्या लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती. आपल्यासारख्याच पुरुषाकडे ओढ असणाऱ्याला तर त्यांचाही उपयोग नव्हता.

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि १९९२ मध्ये ‘नॅको’ ही सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली. भिंती, बसथांबे, दूरदर्शन, सगळीकडे एड्सचे इशारे झळकू लागले. त्यांचा रोख वेश्यागमन, दूषित सुया आणि रक्त यांच्यावर होता. पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांचं नावही सहसा निघत नसे. अनेकांनी यातून सरळ अर्थ काढला : रोग बायकांकडून लागतो, पुरुषासोबत काही भीती नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. कंडोमशिवाय गुदमैथुनात संसर्गाचा धोका योनिमैथुनापेक्षा बराच जास्त असतो. शिवाय कंडोमसोबत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरलं तर लॅटेक्स कमजोर होऊन कंडोम फाटतो, पाण्याचा किंवा सिलिकॉनचा बेस असलेलं वंगणच लागतं. इतकी साधी गोष्ट नवरा-बायकोचं चित्र असलेल्या कंडोमच्या जाहिरातीत कशी येणार? यातले कितीतरी पुरुष लग्न झालेले होते, त्यामुळे ही अर्धवट माहिती त्यांच्या बायकांनाही भोवली.

ही उणीव भरून काढायला आलं ते आरोग्य खात्याचं पत्रक नव्हे. १९९० मध्ये पत्रकार अशोक राव कवी यांनी समलिंगी पुरुषांसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं. ते इंग्रजीत होतं, थोडं हिंदीत. जोडीदार शोधण्यासाठी, आपण एकटे नाही हे बघण्यासाठी लोक ते घ्यायचे, आणि त्याच पानांत सुरक्षित संभोगाची माहिती असायची. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच : माणूस ज्या ओढीने पान उलटतो, तिथेच त्याला आरोग्याचं सांगायचं. १९९४ मध्ये याच मंडळींतून ‘हमसफर ट्रस्ट’ ही समलिंगी पुरुषांच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था उभी राहिली. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केली, मराठीतून लिहायला घेतलं आणि कर्व्यांनंतर तुटलेला धागा खऱ्या अर्थाने जोडला.

कायद्याची टांगती तलवार मात्र होतीच. जुलै २००१ मध्ये लखनौत पोलिसांनी एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थांवर छापे घातले, चार कार्यकर्त्यांना पकडलं आणि प्रशिक्षणाचं साहित्य जप्त केलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ सोबत अश्लीलतेचं कलमही लावलं गेलं. दीड महिन्याहून अधिक काळ हे कार्यकर्ते तुरुंगात होते. कंडोम कसा वापरायचा हे दाखवणारं साहित्य हाच पुरावा! त्याच वर्षी एचआयव्हीवर काम करणारी ‘नाझ फाउंडेशन’ ही संस्था ३७७ विरोधात दिल्ली हायकोर्टात गेली. या कलमामुळे प्रतिबंधाचं काम अडतं, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. पुढे नॅकोने प्रतिज्ञापत्रात तो मान्य केला : पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची संख्या सुमारे २५ लाख, त्यांच्यात संसर्ग सुमारे ८ टक्के, सर्वसाधारण लोकसंख्येत १ टक्क्याहून कमी, आणि पकडले जाण्याच्या भीतीने ते समोर येत नाहीत. गंमत म्हणजे त्याच खटल्यात गृह मंत्रालय कलम टिकवायला उभं होतं. २००९ मध्ये हायकोर्टाने कलम सैल केलं, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा आवळलं आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध अखेर गुन्ह्यातून बाहेर आले.

दरम्यान मासिकाची जागा पडद्याने घेतली होती. आधी सायबर कॅफेतल्या चॅटरूम, मग प्रोफाइलच्या साइट, २००९ मध्ये ग्राइंडर हे गे पुरुषांचं डेटिंग अॅप, आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर हे सगळं तालुक्याच्या गावीही पोचलं. पॉर्नही त्याच वाटेने आलं. कंडोमशिवायचं पॉर्न जास्त बघणारे पुरुष प्रत्यक्षातही कंडोम कमी वापरतात, असं विशेषतः अमेरिकेतल्या पाहण्यांत दिसलं आहे. पण त्या बहुतांशी लोकांना एकदाच विचारून घेतलेल्या पाहण्या आहेत. बघून सवय बदलली, की मुळात तशी आवड म्हणून तसंच बघितलं, हे त्यांतून सांगता येत नाही. बातम्यांचे मथळे देणारे एवढं थांबत नाहीत.

अॅपवर मात्र आरोग्य थेट प्रोफाइलमध्येच आलं. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रेपला, म्हणजे संसर्गाआधीच घ्यायच्या गोळीला, मान्यता मिळाली. मग ‘निगेटिव्ह’, ‘ऑन प्रेप’, शेवटची तपासणी कधी, असे रकाने आले. मार्च २०१८ मध्ये ग्राइंडरने तपासणीची आठवण करून देणारी सोय आणली. त्यानंतर काही दिवसांतच उघड झालं, की वापरकर्त्यांनी भरलेली एचआयव्हीची माहिती अॅप कसं चालतं हे तपासणाऱ्या दोन बाहेरच्या कंपन्यांकडे जात होती. टीका झाल्यावर कंपनीने ते थांबवलं.

भारतात एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाला, ३७७च्या निकालानंतर चारच दिवसांनी. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थांनी त्या जपायच्या, असं तो सांगतो. तो लिहिताना डोळ्यांसमोर होती रुग्णालयं, कचेऱ्या, शाळा. सांगलीतल्या एखाद्या मुलाने रात्री फोनवर भरलेला रकाना परदेशातल्या सर्व्हरवर जातो, तेव्हा हा कायदा दाखवायचा कुणाला?